सत्तावीसवर थांबलेलं मशीन

२०२३ साल. मला चौऱ्याहत्तर वर्षं पुरी झालेली, निदान आधार कार्डावर तरी. घर आमचं भिवंडीजवळ शेलारला. शाळा मी चौथीपर्यंत केली, त्यातलीही अर्धी म्हशींच्या मागं गेली. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. भिवंडीत एकतीस वर्षं मी जॉबर होतो. लूम, म्हणजे यंत्रमाग, बिघडला की ज्याला हाक मारतात, तो जॉबर. एका शेडमध्ये अठ्ठेचाळीस लूम एकदम चालायचे, शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळायचं नाही, त्या आवाजात मी दारातून सांगायचो की मागच्या रांगेतला तिसरा चुकतोय. शेठ स्वतः जाऊन बघायचा. चुकतच असायचा. आता घरातले म्हणतात आबाला ऐकू येत नाही. मला माणसांचं कमी ऐकू येतं, मशीनचं नाही.

हे सांगितलं कारण पुढचं सगळं या कानामुळंच झालं.

नात माझी लग्नाची शूटिंग करते. दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली लाईट धरून उभी राहिली, आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर एक लग्न घेतलं. अंबाडीकडचं. नवरीचा बाप वडप्याला गोडाऊनमध्ये हमालीला. त्यानं मुद्दाम आमच्या पोरीला काम दिलं, कारण नवरी नटत असताना खोलीत बाईमाणूस असलेलं बरं. तिच्या व्हिजिटिंग कार्डावर नंबर माझा छापलेला. पोरीचा नंबर गावभर फिरायला नको, हे माझ्या मुलाचं म्हणणं. माझा मोबाईल तसा बसूनच असतो.

म्हणून लग्नानंतर नवरीच्या आईचे फोन मला यायला लागले. दिवसाआड एक.

"बाबा, झाली काय वो शूटिंग?"

"होतेय. पोरगी बसलेली हाय कापायला."

"कापायला?"

"म्हंजे जोडायला. कापून जोडतात ते."

"न्हाय, कापू नका काय. सगळं राहू द्या."

मी तिला कधी बघितलं नव्हतं, पण दहा-बारा दिवसांत तिचा आवाज घरच्यासारखा झाला. एकदा मी जरा चिडूनच म्हटलं, "एवढी घाई कशाची, बाई? लग्न तर तुझ्याच दारात झालाय."

तेव्हा ती म्हणाली, "दारात झाला, पण मी कुठं बघितलाय? अक्षता पडताना आईनं बघायचं नसतं ना. सासूबाईनं मला मागल्या दारी तुळशीला पाणी घालीत बसवलंन्. माईकवर मंगलाष्टका ऐकत होते मी. पोर कशी उभी होती, रडली काय, हसली काय, कायच ठावं न्हाय. आता ती तिकडं वापीला गेली. वर्षातून एकदा यायची."

रीत आमच्याकडंही तीच. माझी बायकोही दोन्ही मुलींच्या लग्नात तशीच मागं बसली होती, आणि तेव्हा शूटिंग वगैरे आम्हांला परवडत नव्हतं. तिनं कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही. त्या फोननंतर मी नातीला म्हटलं, "त्या बाईचं काम आधी उरक."

काम उरकत आलं होतं. नवरदेवाकडच्यांनी व्हिडिओत घालायला त्यांच्या पसंतीची गाणी पेन ड्राईव्हवर दिली. तो कॉम्प्युटरला लावला, आणि त्यातनं व्हायरस आला. आधी मशीन म्हाताऱ्यासारखं चालायला लागलं. मग आतली सगळी नावं तशीच दिसायची, पण उघडायला गेलं की आत काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चालूच होईना. निळा पडदा यायचा, बंद व्हायचा, पुन्हा निळा.

"कार्डात नसंल काय?" मी विचारलं. कॅमेऱ्याची कार्डं असतात एवढं मला ठाऊक होतं.

"दोनच कार्डं हायेत आबा माझ्याकडं. आजच्या वाडा गावच्या हळदीसाठी कालच पुसली."

तिनं भिवंडीतल्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो सांगत गेला तशी ती बटणं दाबत गेली, आणि एकदाचा काळा पडदा आला. त्याच्यावर इंग्रजी ओळी आणि खाली एक आकडा. आकडा हळूहळू चढत होता.

"हे आतली डिस्क तपासतंय. आकडा शंभर झाला की आपोआप थांबंल. तोवर बटणाला हात लावायचा न्हाय. कायपण झाला तरी. ऐकतोस ना?"

"मी काय बहिरा हाय?"

"तेच तर," ती म्हणाली, आणि कॅमेऱ्याची बॅग उचलून वाड्याला गेली. मुलगा-सून दोघं ड्युटीवर. घरात मी आणि ते मशीन.

मी खुर्ची ओढून समोर बसलो. आकडे मला येतात. अकरा. चौदा. एकोणीस. मधेच उठून चहा केला, आलो तर चोवीस. मग सत्तावीस. आणि सत्तावीसलाच राहिला. जेवायची वेळ झाली, सत्तावीस. भाकरी तिथंच बसून खाल्ली. सत्तावीस. लूमवर मीटर पुढं सरकत नसेल आणि लूम चालू असेल, तर समजायचं की धागा एकाच जागी येऊन पडतोय आणि कापड नासतंय. कामगार चांगला असेल तर स्वतः थांबवतो, नसेल तर जॉबरच्या शिव्या खातो.

तेवढ्यात मशीनच्या डब्यातून आवाज आला. टक. मग थोडं थांबून टक, टक.

वाचणाऱ्यांतल्या ज्यांनी लूम बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे पळणारी लाकडी होडी. तो आपल्या पेटीत नीट शिरला की एक आवाज येतो, आणि शिरता शिरता अडला की दुसरा. दुसरा आवाज कानावर पडला की विचार करायचा नसतो. हँडल खेचायचं. पुढच्या फेरीला तो धोटा उभ्या धाग्यांत घुसतो आणि अख्खा ताणा तुटून पडतो. शेकडो धागे. ते बसून जोडायला दीड दिवस. एकतीस वर्षांत माझ्या हाताला उशीर झाल्याचं मला आठवत नाही.

डब्यातला आवाज तो होता. हुबेहूब. आणि मला कळायच्या आत माझा हात लाईटच्या बोर्डापाशी जाऊन पिन उपटून आला होता.

आवाज थांबला. पडदा काळा झाला. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.  इतक्या वर्षांनी हात तसाच चालला. मी लगेच नातीला फोन लावला.

"थांबवला मी," म्हटलं. "आतून ठोकत होता. एक मिनिट उशीर झाला असता तर गेलाच होता. वेळेवर हात पडला म्हणून वाचला."

पलीकडून हळदीचा बँजो वाजत होता.  मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून परत मोठ्यानं सांगितलं.

"ऐकला मी," ती म्हणाली. "आबा, काय केलास तू?"

"सांगतोय ना, थांबवला."

"किती आकडा होता?"

"सत्तावीस. दोन तास सत्तावीसच."

"आता कशाला हात लावू नको. मी येते." आणि फोन ठेवला. तिनं माझ्यावर ओरडायला हवं होतं. ती ओरडत नाही तेव्हा मला भीती वाटते.

हात लावू नको म्हणाली, तरी लावला. पिन परत घातली, बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, आणि पडद्यावर एकच इंग्रजी ओळ येऊन बसली. पुन्हा दाबलं. तीच ओळ. मग पेचकस आणून डब्याची एक बाजू उघडली. आत धूळ होती ती रंगाच्या ब्रशनं काढली. वायरी एकेक करून काढल्या, पुसल्या, जिथल्या तिथं लावल्या. लूममध्ये बघितलं की दिसतं. पट्टा ढिला, पिन झिजलेली, स्प्रिंग गेलेली. बोट लावलं की कळतं. इथं सगळं जागच्या जागी, सगळं चकचकीत, कुठं काही तुटलेलं नाही, आणि तरी मेलेलं. तेलाची बुधली हातात घेतली होती. तेल सोडायचं कुठं तेच कळेना, म्हणून खाली ठेवली. मग नुसता त्या ओळीकडं बघत बसलो. निदान ती मराठीत असती तर तिच्याशी भांडता आलं असतं.

त्यातच फोन वाजला. अंबाडीची बाई.

"बाबा, रविवारी जावईबापू येणार हायेत पोरीला घेऊन. एकाच रात्रीसाठी. तोवर मिळंल काय?"

मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "बघतो," म्हटलं.

नात साडेचारला आली. हळद अर्धी टाकून, मैत्रिणीच्या हातात कॅमेरा देऊन आली होती. उघडा डबा बघितला, माझ्याकडं बघितलं, बाजूचा पत्रा बसवला. रिक्षात डबा मी मांडीवर घेतला. "खाली ठेव ना," ती म्हणाली. मी ठेवला नाही. भिवंडीचा रस्ता कसा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक खड्ड्याला मी तो उचलून धरत होतो. आता सांभाळून काय होणार होतं, कुणास ठाऊक.

दुरुस्तीवाला चाळिशीतला, बसक्या बांध्याचा, तोंडात मावा. त्यानं आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली. तीही तिथं तसंच टकटकली.

"हाच आवाज," मी म्हटलं.

"चाचा, बंद किसने किया?"

"मी."

"बीच में?"

"आवाज आला म्हणून केला. मी जॉबर होतो."

त्यानं मान हलवली. हसला नाही, त्याचे उपकार. "व्हायरसने फक्त लपवलं होतं, चाचा. ते मी बाहेर काढलं असतं. पण डिस्कपण आतून जात होती, आणि चालू कामात पावर गेली." तो बोलत होता तेवढ्यात नातीनं नवरीच्या भावाला फोन लावून लोकांच्या मोबाईलवरची शूटिंग मागवली. तीन तुकडे आले. तिन्हींत नवरा-नवरीच्या जागी आमच्या पोरीची पाठ. मोबाईलवाल्यांना तिनंच दमात घेऊन मागं सारलं होतं, आपलं चित्र स्वच्छ यावं म्हणून.

दोन तास आम्ही बाकड्यावर बसून होतो. मध्येमध्ये तो हाक मारायचा. हळदीचे चार फोटो निघाले. नवरी नटतानाचं थोडं निघालं, त्यात अर्धा पडदा हिरवा. मग एक मोठी फाईल उघडली. नात उठून उभी राहिली. जेवणाची रांग होती ती. चाळीस मिनिटं लोक पत्रावळ्या घेऊन पुढं सरकतायत, कुणी भात मागतोय, कुणी कॅमेऱ्यापुढं तोंड लपवतोय. एकदम नीट. एक डाग नाही.

"अक्षतांचं?" तिनं विचारलं.

त्यानं फाईलचं नाव दाखवलं. नाव होतं. उघडेना.

मी विचारलं, "मी थांबवला नसता तर?"

"शायद आ जाता."

"म्हणजे आला असता?"

"शायद नहीं भी आता. चाचा, हे आता कोणीच नाही सांगू शकत."

मी त्याच्याशी भांडलो. म्हटलं, एवढं दुकान मांडून बसलाय, एवढं सांगता येत नाही? लूम का बिघडला हे मी उघडून सांगू शकतो, तू का नाही? नातीनं माझा हात धरून मला बाहेर आणलं. तिचा हात गार होता. मला खरं तर त्याच्या तोंडून एवढंच हवं होतं की माझ्यामुळं गेलं, किंवा माझ्यामुळं नाही गेलं. दोन्हींतलं काहीही चाललं असतं.

परत येताना ती म्हणाली, "उद्या मी जाऊन सांगते त्यांना."

"मी जातो."

"नको. तू तिथं जाऊन भांडशील."

"कुणाशी भांडू?"

 ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "माझा पहिला काम होता, आबा." रागानं नाही म्हणाली. मला सांगतेय की स्वतःला, तेही कळलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांत मी कुणाची माफी मागितलेली नाही. शेठचीसुद्धा नाही, चूक माझी असताना. ते शब्द कसे सुरू करतात हेच मला येत नव्हतं. तोवर रिक्षा आमच्या फाट्यावर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठायच्या आत धुतलेलं धोतर नेसून मी एसटी धरली. अंबाडी नाक्यावर उतरलो, विचारत विचारत गेलो. मांडव अजून काढलेला नव्हता. ओट्यावर एक बारीकशी बाई करवंदं निवडत बसली होती.

"बाई, शूटिंगवालीकडून आलोय," मी म्हटलं.

तिनं आवाज ओळखला. "फोनवाले बाबा!" म्हणाली, आणि पदराला हात पुसत लगबगीनं उठली. माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं, मग खिशाकडं. "एवढ्या लांब कशाला आलात? आणलीत काय?"

"न्हाय आणली. गेली ती. मशीन चालू होता, मी मधेच बंद केला. माझ्या हातानं गेली. पोरीचा दोष न्हाय."

ती उभीच होती. मागून कुणीतरी तिला काही विचारलं, तिनं हातानंच थोपवलं.

"जेवणाची वाचलीय," मी म्हटलं.

"आणि अक्षता?"

मी खाली मातीत बसलो, तिच्यापुढं हात जोडले आणि म्हटलं, "अक्षताच गेल्या, बाई."