ट्यूबचा वास

मालवणच्या समुद्रात, पोवळ्यांच्या खडकांवर बोट थांबली. स्नॉर्केलिंगचा मास्क चेहऱ्यावर बसला आणि त्या रबराच्या वासासरशी मी कंधारजवळच्या आमच्या विहिरीत जाऊन पोचले.

भूकंपानंतरचा उन्हाळा होता तो. दहावी झाली होती, लातूरला क्लास लावायचं ठरलं होतं. पण मला छताखाली झोप येत नव्हती. सगळे घरात, माझी बाज अंगणात. लातूरच्या खोलीला अंगण कुठलं?

माझे वडील, म्हणजे आमचे दादा, शाळामास्तर होते. एका सकाळी त्यांनी फुगवलेली ट्यूब माझ्या काखेत अडकवली, तिला बांधलेली दोरी स्वतःच्या मनगटाला गुंडाळली आणि विहिरीच्या शेवटच्या पायरीवर बसले.

"भेऊ नको माय, मी हाय की. तेराचा पाढा म्हण."

चारी बाजूंच्या दगडी भिंतींकडे बघायचंच नाही म्हणून मी मोठमोठ्यानं पाढा म्हणत हातपाय मारत राहिले. गार पाणी, तापलेल्या रबराचा वास, कपारीत घुमणारे पारवे. सतराच्या पाढ्यापर्यंत येता येता भिंती नुसत्या भिंती झाल्या. जूनमध्ये लातूरच्या खोलीत मी निवांत झोपले.

"दादा, तुम्ही पण उतरा की," मी आता मालवणच्या पाण्यातून, बोटीत बसलेल्या दादांना म्हणाले.

दादांनी बोटीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "मला कुठं पोहता येतंय माय?"

मी मास्क वर केला. "मग तेव्हा विहिरीत मी बुडाले असते तर?"

"उडी मारली असती की," दादा म्हणाले.