बर्फाची हद्द

"बर्फ गेला, दगड बघा," असं म्हणत भूगोलाचे सर दोन्ही तळवे पुढे सरकवायचे आणि हळूच मागे घ्यायचे. आम्ही एकाच शाळेत शिकवायचो, जव्हारहून साखरशेतला एकाच एसटीने जायचो. कंडक्टरलासुद्धा हिमनदी पाठ झाली होती.

तरुणपणी ते एकदा हिमालयात जाऊन आले होते. थंडीच्या युगात हिमनदी खाली उतरते, हवा तापली की मागे हटते आणि जिथवर पोचली तिथे दगडगोट्यांची रास सोडून जाते, याच्या खुणा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. एकच गोष्ट धड बघतात आणि जन्मभर तीच सांगतात.

एका उन्हाळ्यात सरांनी हिमनदी समजावायला शाळेमागच्या उतारावर मुलांकडून दगडांच्या आडव्या रांगा मांडून घेतल्या. सगळ्यांत खालची रांग जुन्या, कडक थंडीची, वरच्या नंतरच्या. उठून दिसाव्यात म्हणून दगडांना चुना फासला. इथंच घोळ झाला. आमच्याकडे चुना फासलेला दगड म्हणजे जमिनीची मोजणी.

त्या उतारावर एक म्हातारी नागली पिकवायची. जमिनीचा कागद तिच्याकडे नव्हता. ती येऊन खालच्या रांगेवर बसली.

"माझे नागलीचे जागेत दगड कोनी मांडलं?"

"आजी, ही बर्फाची हद्द. पूर्वी बर्फ इथवर यायचा, मग ऊन वाढलं आणि वर सरकला."

"मंग खालची जागा कोनाला दिली?"

सरांनी स्वतः एकेक दगड उचलला. गावाने पोटभर हसून घेतलं. एसटीत सर आठवडाभर खिडकीबाहेर बघत बसले.

नागलीची कापणी झाल्यावर म्हातारी आपण होऊन शाळेत आली. "आता मांडा, मास्तर. चुना नको."

मग दर वर्षी कापणीनंतर रांगा लागायच्या, आणि मुलांच्या मागे बसून तीही ऐकायची. पुढे सरांची मोखाड्याला बदली झाली. "कापणी झाली की येतो," असं तिला सांगून गेले.

त्या वर्षी कापणी उरकली, गाव वीटभट्ट्यांवर कामाला पांगलं. म्हातारी मोकळ्या उतारावर एकटीच उभी दिसली.

"मास्तर कवा येतील? सगली भट्टीवर गेली. मी थांबलेय."

सर पावसाळ्यातच वारले होते. तिला कोणी कळवलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, पण सांगावं लागलं.