आबाच्या सायकलीची कटोरी : नांदगाव खंडेश्वर ते अकोला अन् वापस

सहा राती झाल्या, माह्या डोयाले डोया लागला नाही. माहा लहान भाऊ गजू घरातून निंघून गेला हाये. मी त्याले सकाऊन एक फोन लावते अन् दिवस बुडता एक. तो फोन कापते. कापला का मले जीवात जीव येते, म्हणजे त्याचा हात हालून राहिला. ज्या दिवशी कापनार नाही, नुसतीच घंटी वाजत राहीन, त्या दिवशी काय समजाचं? ह्याच भेवानं झोप येत नाही.

तुमी मले सालबर्डी अन् मुक्तागिरीच्या लिखाणावरून ओळखता. हे पान गजूनंच मले फोनवर बनवून देल्लं होतं. "ताई, नववी शिकली त काय झालं, बोलते तसंच लिही," म्हणे. यावेळी फिराले नाही गेली. आमच्या आबाची, म्हणजे बापाची, जुनी सायकल घेऊन अमरावती अन् अकोला केलं. ज्याईच्या घरी तशी जुनी सायकल पडून हाये, त्याईच्या कामाचंही मधामधात सांगते. पण पह्यले काय झालं ते आयका.

गजूचं नांदगावच्या स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान हाये. आबा गेल्यावर आबाची काळी, उंच दांड्याची सायकल त्यानं मले देल्ली. मी शाळेत खिचडी शिजवते, अन् पोरगी चिमी तिथंच अंगणवाडीत, म्हणून तिले पुढच्या शीटवर बसवून रोज जाणं-येणं. मांगच्या महिन्यात पायडल मारलं का खालून कटकट वाजे. पायडलाचा दांडा ज्या नळीतून आरपार जाते, तिच्या दोन्ही तोंडाले एकेक लोखंडी कटोरी आट्यानं आवळलेली असते, अन् कटोरीत छर्रे फिरतात. गजूनं उजव्या बाजूची कटोरी बदलली. जात नव्हती, त पान्याले पाइप लावून आवळली. "आता दहा वर्षं पाहाचं काम नाही ताई," म्हणे.

आठव्या दिवशी पुलाच्या उतारावर कटोरी दांड्यासगट भायेर आली. पायडल अटकलं, सायकल आडवी झाली. मी चिमीवर पडली अन् चिमी गोट्यावर. कपायाले सहा टाके, डावा हात मोडला. चार वर्षाचं लेकरू. दवाखान्यात गजू धावत आला. मी सगळ्या लोकायसमोर त्याले म्हणलं, "माह्या पोरीले तू पाडलं. तुया हातात पुन्हा पाना नोको येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाऊन माह्या दारात त्याची पान्यायची पिशवी ठेवलेली होती. सगळे पाने पुसून, मापानुसार लावून. तो नव्हता. मिस्त्री माणूस आपले पाने असे देऊन टाकत नाही.

आमच्या घरच्यानं, चिमीच्या बापानं, पोलिसात लिहून देल्लं. मी त्याईच्या फोनवरून लावला, शेजारणीच्या फोनवरून लावला, माहा आवाज आयकला का कापते. मेसेज टाकला त एकच टिक. मंग गावातल्या एकानं सांगतलं का मूर्तिजापूरच्या टेसनवर पाह्यला. माह्या डोक्यात बसलं, सायकल नीट करून आनू, रस्त्यात त्यालेही पाहू. सासू म्हणे, "लोखंडाच्या मांगं काहून फिरून राहिली? लेकराजवळ बस." पण मले घरी बसवत नव्हतं.

गजूच्याच पान्यानं सायकल खोलली. ध्यानात ठेवा, उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, तिथं रोजच्यासारखं फिरवलं त कटोरी खुलाच्या जागी अजून आवळते. चाकं काढली, फ्रेम जुन्या चादरीत गुंडाळली अन् सकाऊनच्या यष्टीत चढली. बायायले तिकीट अर्धं लागते, पण सामानाचं पुरं. कंडक्टर म्हणे, "बाई, मयत गुंडाळून आनली का काय?"

"सायकल हाये भाऊ."

"मंग तिच्यावर बसूनच जा ना, तिकीट कायले फाडता!"

गाडीतले सगळे हासले. मीबी तोंडानं हासली. मयत हा शब्द मात्र अमरावती येईपर्यंत पोटात बसून होता. सोयाबीन काढून वावरं रिकामे झालेले, रस्ता चांगला हाये, तासाभरात पोचते.

अमरावतीत स्टँडवरून ऑटो करा अन् जुन्या बाजारातली सायकलची लाइन कोनती, हे ऑटोवाल्यालेच इचारा. मी तीन दुकानं फिरली. तिसऱ्या दुकानात चष्मेवाले एक म्हतारे शेठ होते. त्याईनं फ्रेम काउंटरवर आडवी घेतली अन् बारीक दात्याचा, कंगव्यासारखा एक पत्रा डाव्या बाजूच्या आट्यावर अन् मी आनलेल्या निंघालेल्या कटोरीवर टेकवून पाह्यला.

"विलायती माप हाये हे. आटे बारीक हायेत. अन् उजव्या बाजूले कोन्या गाढवानं आपली जाड आट्याची कटोरी ठोसली?"

गजूचं नाव ओठावर आलं होतं. "गावातल्या एकानं," म्हणलं.

"त्याले सांग, कांदे इक म्हणा. सगळे आटे खाऊन टाकले त्यानं. ह्या मापाची कटोरी आता भेटत नाही, अन् भेटली त बसनार कायच्यावर? फ्रेम भंगारात दे बाई. तुले मस्त लेडीज सायकल दाखवतो."

मी तिथंच पायरीवर बसली. शेठनं पानी देल्लं. जराशानं म्हणे, "कोनाची हाये?"

"माह्या बापाची."

त्याईनं कागदावर अकोल्याचा पत्ता लिहून देल्ला. "एक लेथ मशीनवाले चाचा हायेत. त्याईच्यानं झालं त झालं."

अमरावतीले आलं का गिला वडा खाल्ल्याशिवाय कोणी जात नाही. मी घेतला, दोन घास खाल्ले, बाकी द्रोण तसाच ठेवला. गजूच्या आवडीचा हाये तो.

बडनेऱ्याहून प्यासेंजर पकडली. फ्रेम दारापाशी उभी करून धरली. मूर्तिजापूर आलं तशी मी दारातून भायेर लटकूनच पाह्यत होती. गजूसारखं निळं शर्ट दिसलं का त्या माणसाचं तोंड पाह्ये. दोन मिनटं गाडी थांबली. उतरली असती, पण तेवढ्यात गर्दी आत घुसली अन् गाडी हालली. अकोल्यात मावशीकडे राह्यली. तिनं भाकर वाढली, गजूचं इचारलं, मी म्हणलं, दुकानात हाये. खोटं बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाऊन चाचाच्या लेथवर गेली. टिनाचं शेड, जमिनीवर लोखंडाचा कीस, रेडूवर गाणे चालू. चाचा साठीच्या वरचे असतीन. फ्रेम पाहून म्हणे, "बैठ बेटा. ये तो पुरानी बुढ्ढी है. किसकी है?" मी सगळं सांगतलं. अमरावतीत लपवलं होतं, तिथं नाही लपवलं. पोरगी, उतार, दवाखान्यात बोललेली गोष्ट, दारातली पिशवी. चाचानं रेडू बंद केला.

मंग त्याईनं बत्ती लावून नळीत पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. वाकड्या सुईनं आतून काहीतरी खरडत राह्यले अन् चिमट्यानं पत्र्याची एक बारीक पट्टी ओढून काढली. गोल वळलेली, काळी पडलेली. मंग अजून एक तुकडा. घासलेटमध्ये धुतले त लाल रंग दिसला अन् अर्धं छापलेलं फूल.

मी ओळखलं. आबाच्या लाल दंतमंजनाची डब्बी. रिकामी झाली का आबा तिच्यात खिळे ठेवे. एक डब्बी कात्रीनं कापलेली होती, कायले कापली ते आमाले कधी समजलं नाही.

"किसने लगाया ये?" चाचानं इचारलं.

"माह्या बापानं. तो जाऊन नऊ वर्षं झाले."

"म्हणजे आटे तवाच गेलते," चाचा वऱ्हाडीत म्हणे. " त्यानं पत्रा भरून कटोरी दाबून बसवली अन् तशीच चालवली. तुया भावाले वाटलं कटोरी घट्ट बसली, पण आत नुसता पत्रा दाबल्या जात होता. जो आटा होताच नाही, तो तुया भावानं कसा खाल्ला?"

"म्हणजे चाचा, त्याची काहीच चूक नाही?"

चाचानं हात पुसले. "चूक हाये. कटोरी बोटानं दोन-तीन फेरे आत गेली पायजे. नाही गेली त पाइप नाही लावाचा, बत्ती लावून पाहाचं. त्यानं पाह्यलं नाही. म्याबी जवानीत असंच केलं, एका मास्तरचे दात पाडले. पण एवढ्यावर कोणी घर नाही सोडत. तू काय बोलली त्याले, ते सोडून गेला तो."

मले रडू आलं. चाचानं लेथ सुरू केलं.

ज्याईले हे काम कराचं हाये त्याईनं ध्यान द्या. आटे गेले म्हणून फ्रेम भंगारात नोका देऊ. चाचानं नळी आतून घासून गुळगुळीत केली अन् दोन लांब तोंडाच्या कटोऱ्या बनवल्या. एक उजवीकडून, एक डावीकडून जाते, अन् त्या मधात एकमेकीतच आवळल्या जातात. फ्रेमच्या आट्याले हातही लागत नाही. दुपारपर्यंत काम झालं. साडेचारशे घेतले, अन् आपल्या डब्यातली अर्धी भाकर मले खाऊ घातली. पत्र्याचे तुकडे कागदात बांधून देल्ले. "हे त्याले दाखव. अन् इकडे घेऊन ये, शिकवतो," म्हणे.

येताना मूर्तिजापूरले उतरली. बंद पडलेल्या शकुंतला गाडीच्या जुन्या रुळाकडे गेली. गवत वाढलेलं, बकऱ्या चरून राहिल्या होत्या. चायवालीले गजूचा फोटो दाखवला.

"हा? दोन दिवस इथंच बसे, त्या रुळावर," ती म्हणे. "म्या म्हणलं, दादा, इथं गाडी येत नाही, कोनाची वाट पाह्यतं? बोललाच नाही. चाय देल्ली त थंडी होऊ देल्ली. मंग परवा उठून गेला."

"कोनीकडे?"

तिनं मोठ्या लाइनीकडे हात केला. त्या लाइनीवर दर घडीले गाडी धडधडत जाते. मी तिथून त्याले फोन लावला. कापला. मी रुळावरच बसली, खाली मुंडी घालून, अन् कापला म्हणून देवाचे आभार मानले.

घरी येऊन दोन दिवस झाले. टेसनवाल्यायले फोटो देऊन ठेवला हाये, आमच्या घरचे शेगाव लाइनीनं पाहाले गेले. चिमी फ्रेमकडे पाह्यत नाही, तोंड फिरवते. काल मात्र म्हणे, "मामाले बोलाव, माह्या प्लास्टरवर मोर काढून मांगते." चाकं मी पुन्हा लावली, सायकल आंगनात उलटी उभी हाये. दांडा बोटानं फिरवला का आवाज न करता फिरत राह्यते. पायडलं लावाची राह्यली. मी नाही लावणार, तो येऊन लावन. पाने त्याचे हायेत, पिशवी तशीच खिळ्याले हाये.

आता काम तुमचं. परवा एका गिऱ्हाइकानं त्याले फोन केला होता, तो त्यानं उचलला. "दुकान बंद हाये," एवढंच बोलला. म्हणजे दुसऱ्याचा आवाज तो आयकते. नांदगाव, बडनेरा, मूर्तिजापूर, जिथं जिथं त्यानं सायकल दुरुस्त केली, तिथं मांगच्या मडगार्डावर त्यानं हिरवं स्टिकर चिकटवलेलं हाये. त्याच्यावर त्याचा नंबर हाये. जा, आपली सायकल पाहा. धूळ असन त पुसा. अन् त्याले फोन लावा. माहं नाव पह्यलेच घेऊ नोका, कापन. सायकलचं बोला. म्हणा, गजूभाऊ, आबानं नळीत दंतमंजनाचा पत्रा भरला होता, आटे तू नाही खाल्ले. म्हणा, चिमी बोलते, जेवते. मंग म्हणा, ताई चुकीचं बोलली. सकाऊन लावा, दुपारी लावा, एकानं नाही उचलला त दुसऱ्यानं लावा. पण लावा.