आकारामशेठच्या माडीवरचे मुके स्पीकर

उचगावच्या हुस्नाचा रेडिओ-टीव्हीच्या कामात हात बसलेला होता. आयटीआय करून तिनं नवऱ्याच्या दुकानात चौदा वर्षं काढली होती. आरिफ गल्ल्यावर बसायचा आणि घरोघरी जाऊन वायरिंग करायची ती. शिडीवर चढायला ती कधी भ्यायली नाही, गिऱ्हाइकाच्या शहाणपणाला मात्र भ्यायची.

२००५च्या दिवाळीआधी हुपरीच्या आकारामशेठनी तिला बोलावून घेतलं. पैंजणांच्या धंद्यात शेठचा जम बसला होता, नवं दुमजली घर झालं होतं आणि दुबईच्या भाच्यानं होम थिएटरचा रिसिव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारं मशीन, पाठवला होता. हॉलमध्ये पाच स्पीकर, माडीवर दोन आणि मागच्या कारखान्यात दोन. खाली सीडी घातली की घरभर गाणं वाजलं पाहिजे, असं शेठचं म्हणणं.

हुस्नानं दोन दिवस खपून वायरी ओढल्या. हॉल दणाणला, पण माडी आणि कारखाना चिडीचूप. तिनं मीटर लावून एकेक वायर तपासली, वरचे स्पीकर खाली आणून वाजवले. सगळं ठणठणीत. मशीनचं पुस्तक मागितलं, तर शेठ म्हणाले, इतकी वर्षं काम करणाऱ्याला पुस्तक कशाला लागतंय? तिसऱ्या दिवशीही ती एसटीनं आली आणि हात हलवत परत गेली. घरी आरिफनं काय झालं विचारलं, तर त्याच्यावरच खेकसली.

शेठनी मग कोल्हापुरातून दुसरा मेकॅनिक आणला. त्यानं नऊच्या नऊ स्पीकरच्या वायरी मशीनमागच्या हॉलच्याच खटक्यांना गुंडाळल्या. घरभर गाणं वाजलं, शेठ खूश झाले, आणि दहा मिनिटांत जादा भारानं रिसिव्हर आपोआप बंद पडला. चालू केला, पुन्हा बंद. मशीनच खराब आहे म्हणून तो निघून गेला आणि शेठनी फोन केला हुस्नाला. तिच्या वायरींमुळं मशीन बिघडलं, असं त्यांचं म्हणणं.

ती आली ती धुमसतच. त्या माणसानं केलेला गुंता सोडवून माडीच्या आणि कारखान्याच्या वायरी तिनं परत त्यांच्या जागी लावल्या. रागारागात रिमोटची बटणं दाबताना रेडिओ लागला आणि वरून शेठच्या बायकोनं, बयाबाईंनी, हाक दिली, "अगं बाई, हितं वाजतंय की!"

हुस्ना थबकली. रेडिओ वर जातो, सीडी जात नाही. म्हणजे वायरी आणि स्पीकर चांगले होते.

"शेठ, पुस्तक आणा. त्याबिगर मी आता स्क्रूला हात लावत न्हाय."

शेठ कुरकुरले. शेवटी बयाबाईंनीच पोटमाळ्यावरच्या खोक्यातून, थर्माकोलच्या खालून, ते काढून दिलं. हुस्ना जिन्यात बसून इंग्रजी अक्षरं जुळवत वाचू लागली. त्रेचाळिसाव्या पानावर चौकटीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की ऑप्टिकल वायरीनं आलेला आवाज दुसऱ्या खोल्यांत जात नाही, त्यासाठी वेगळी तांबडी-पांढरी वायर जोडावी. सीडी प्लेअर मशीनला जोडायला भाच्यानं सोबत फक्त ऑप्टिकलच पाठवली होती. हुस्नाच्या पिशवीत तांबड्या-पांढऱ्या वायरी ढिगानं होत्या.

दोन मिनिटांचं काम. माडी वाजली, कारखानाही वाजला. आनंद व्हायच्या आधी तिला वाया गेलेले चार दिवस आठवले आणि डोळ्यांत पाणी आलं ते संतापाचं.

शेठनी लगेच दुबईला फोन लावला. "झालं बघ चालू. तू म्हणालास तसंच, मशीन चांगलंच हाय." हुस्नाचं नावसुद्धा निघालं नाही. तेवढ्यात कारखान्यातून कारागीर जोतीराम आला. पैंजणाचे जोड सांधायला डाग देताना या आवाजानं हात चुकतोय, बंद करा म्हणाला. शेठनी हुस्नाकडं बघितलं. तिथला आवाज तेवढा कमी होईल का, आणि जमलं तर न्हाणीतही एक स्पीकर बसेल का?

हुस्नानं पेचकस पिशवीत टाकला आणि पुस्तक शेठच्या हातात दिलं.

"वाचा तुम्ही. मराठीत न्हाय, पण चित्रं हायत," म्हणाली, आणि चपला घालून स्टँडकडं निघाली. बयाबाई दारापर्यंत आल्या आणि त्यांनी चिवड्याची पुडी तिच्या पिशवीत सरकवली.