न उकळलेला रुमाल

माझ्या मावशीला अख्खं हॉस्पिटल ‘उकळी’ म्हणायचं. तोंडावर नाही हं, एवढी छाती होती कुणाची! ती तिथल्या लाँड्रीत कामाला होती आणि हाताला लागेल ते उकळत्या पाण्यात घालायची. आधी तिच्या जोडीला माझी आई होती. दोघी बहिणी डोक्याला निळे रुमाल बांधून वाफेत उभ्या असायच्या. दारातून पाहिलं की माणसं दिसायचीच नाहीत, पांढऱ्या वाफेत नुसते दोन निळे ठिपके तरंगायचे. मला वाटायचं, ढग इथेच तयार होतात.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि माझा भाऊ गोटू जेमतेम दोनचा. मावशी आमच्याकडे राहायला आली. गोटूनं आईचा रुमाल मुठीत धरला तो धरलाच. “आईचा वास येतो,” म्हणायचा. धुवायला मागितला की घर डोक्यावर घ्यायचा. मावशीच्या एरवी नाकावर राग, पण रुमालाचा विषय निघाला की तिला ऐकूच यायचं नाही.

पाचव्या वर्षी गोटू शाळेत जायला लागला आणि महिन्याभरात त्याला खरूज झाली. रक्त येईपर्यंत खाजवायचा. बरा झाल्यावरच पाठवा, असं बाईंनी सांगितलं. डॉक्टरांनी सगळ्यांना मलम दिलं आणि घरातलं झाडून सगळं कापड गरम पाण्यातून काढायला लावलं. मावशीला काय, तेच हवं होतं!

“कपडे काय भुतं येऊन धुणार आहेत? चला, उठा दोघंही!” गोटूला खिसे उलटे करायचं काम मिळालं. एका खिशातून तीन गोट्या आणि अर्धं बिस्किट निघालं, बिस्किट त्यानं तिथल्या तिथे खाऊन टाकलं. मी कॉलरींना साबण घासत होते. उकळतं पाणी मात्र फक्त मावशीचं.

“माणूस धुतला आणि मळके कपडे पुन्हा चढवले, तर सगळं पालथ्या घड्यावर पाणी,” ती म्हणाली.

दुपारी दोरीवरच्या ओल्या चादरींमधून आम्ही दोघं चालत राहिलो. सगळीकडे पांढरं आणि थंडगार. मला वाटत होतं, पलीकडच्या चादरीमागे निळा ठिपका दिसेल.

“रुमाल कुठाय गं?” मावशीनं विचारलं.

“सापडत नाहीये.”

तो माझ्या दप्तरात होता. चोराच्या मनात चांदणं, मी मान वर केलीच नाही. संध्याकाळी गुपचूप गोटूच्या उशीखाली सरकवला.

पंधरा दिवसांत ये रे माझ्या मागल्या! गोटू पुन्हा खाजवायला लागला आणि आता मीसुद्धा. मावशीनं माझा हात धरून बोटांच्या बेचक्यात पाहिलं.

“आण तो रुमाल.”

मला रडूच फुटलं. “आईचा वास जाईल गं!”

मावशी तिथेच खाली बसली. “मला कळत नाही का ते? तीन वर्षं मी तरी कुठे धुतला? मी, उकळी!”

म्हणजे तिला ते नाव ठाऊक होतं!

तिनं लाँड्रीतल्या साबणानं रुमाल उकळला. गोटूनं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही तो पिळला. वाळवून मावशीनं त्याच्यावर इस्त्री फिरवली.

गोटूनं हुंगून पाहिला आणि लगेच माझ्या हातात कोंबला. “यात आई नाहीये.”

मी रुमाल नाकाशी नेला. साबण. वाफ. गरम इस्त्री. लाँड्रीतून धावत बाहेर येऊन मला कडेवर उचलून घेणारी आई! तो आधीचा वास गोटूचाच होता, घामाचा आणि लाळेचा.

“वेड्या, हीच आई,” मी म्हणाले. “तू लहान होतास, तुला कसं आठवणार?”

मावशी पाठमोरी होऊन रिकाम्या टेबलावरच इस्त्री फिरवत होती.

गोटूनं डोळे मिटून पुन्हा एकदा हुंगला, बराच वेळ. मग म्हणाला, “उद्या परत धुवूया?”