आवाज

आज दुपारी गार्गी टीव्ही पाहत बसली होती. तिचा उजवा हात जन्मापासून मुठीसारखा मिटलेला, म्हणून रिमोट डाव्या हातात. आवाज एवढा मोठा, की कपाटाची काच थरथरत होती.

“अहो, सांगा ना तिला आवाज कमी करायला,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “लाडकी तुमची, तुमचंच ऐकेल.”

मला तेवढंच सांगता येत नाही.

चौदा वर्षांपूर्वी प्रसूतीच्या खोलीत बायकोच्या पोटाला पट्टा बांधला होता. शेजारच्या यंत्रातून बाळाचे ठोके ऐकू येत होते, लांब कुणी भराभरा कपडे धुवावेत तसे. कळांनी ती दमून गेली होती. मीच सिस्टरना म्हणालो, “जरा आवाज कमी करता का? हिचा डोळा लागतोय.” त्यांनी तो कमी केला आणि पलीकडच्या खोलीतल्या एका बाळंतिणीकडे गेल्या. यंत्र कागदावर मुकाट्याने रेघ काढत राहिलं. मी त्याच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसलो. सिस्टर परत आल्या, त्यांनी कागद पाहिला आणि डॉक्टरांना बोलवायला धावल्या. ठोके केव्हाचे मंदावले होते. गार्गी जन्मली तेव्हा रडली नाही.

डॉक्टर म्हणाले, कशामुळे झालं ते नक्की सांगता येत नाही. त्या ‘नक्की’ला धरून मी इतकी वर्षं काढली. मी काय म्हणालो होतो, ते बायकोला अजून माहीत नाही. ती झोपली होती.

“सांगितलंत का?” तिने पुन्हा विचारलं.

मी उठलो आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून एकेक खिडकी लावून घेतली.