न्यूयॉर्कवाले अंकल

दुकानात शिरले की ते आधी काउंटरवर दोन्ही तळवे टेकवायचे, मान जराशी कलती करायचे आणि विचारायचे, "हं शेट, काल काय झालं तुमच्या टीमचं?" काय झालं ते त्यांना माझ्याआधी ठाऊक असायचं. टोरांटो हरली असेल त्या दिवशीच ते असं विचारत. जिंकली असेल तर दारातूनच म्हणत, "एका मॅचनं काय होतंय? न्यूयॉर्कच भारी."

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. बाकी सगळीकडे पडतं घेणारं, आणि एकाच ठिकाणी इंचभर न हलणारं.

टोरांटोच्या एटोबिको भागात माझं फरशांचं दुकान आहे. सांगलीहून आलो, दहा वर्षं गुडघ्यांवर बसून लोकांच्या वॉशरूममध्ये टाइल्स बसवल्या, मग हे उभं केलं. घासाघीस न करता कुणी माल नेला तर मला चैन पडत नाही. अंकल पहिल्यांदा आले, आपल्या राहत्या बेसमेंटसाठी टाइल्स पसंत केल्या, मी भाव सांगितला आणि ते म्हणाले, "द्या."

मी चिडलोच. "अहो, थोडं कमी करा म्हणा की!"

"कशाला? तुम्ही सांगताय तर बरोबरच असेल."

तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवरच्या टीव्हीवर गेली. बेसबॉल चालू होता. "अरेरे, टोरांटोवाले काय तुम्ही?" म्हणाले, आणि पाऊण तास माझ्याशी भांडले. निघताना टाइल्स न्यायला विसरले.

दोन्ही टीम एकाच डिव्हिजनमधल्या, म्हणजे एकाच गटातल्या. एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, सीझनभर पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात, त्यामुळे आमचा वाद कधी शिळा झाला नाही. मी म्हणायचो, आमची बॅटिंग बघा. ते टीव्हीवरच्या बॉल टाकणाऱ्या पिचरकडे बोट दाखवून म्हणायचे, "बॅटिंग एप्रिलमध्ये चालते, शेट. सप्टेंबरात पिचर लागतो." मी आवाज चढवायचो, काउंटरवर मूठ आपटायचो. गिऱ्हाइकं दचकायची. अंकल मजेत.

मूळचे ते वसईचे. तीस वर्षं एअरपोर्टवर विमानांत सामान चढवलं. मी एकदा विचारलं, "राहता टोरांटोत, खाता टोरांटोचं, मग न्यूयॉर्क का?"

"नवा होतो ना. ब्रेकरूममध्ये सगळे टोरांटोवाले. माझ्याशी कोण बोलत नाय. एक दिवस म्हटलं, न्यूयॉर्कच भारी. अख्खी ब्रेकरूम अंगावर आली! दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माझं नाव पाठ." ते हसले. "टोरांटो म्हटलं असतं, तर मान हलवून गप्प बसले असते."

एका उन्हाळ्यात त्यांचा दम कमी व्हायला लागला. पार्किंगमधून काउंटरपर्यंत येताना वाटेत टाइल्सच्या खोक्यांवर हात टेकून थांबायचे, जणू डिझाइन बघतायत. वाक्यं अर्धी तुटायची. "न्यूयॉर्कचे पिचर…" मग श्वास. "…बघा तुम्ही." मी दुसरीकडे बघायचो. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. ऑपरेशन करायचं ठरलं होतं, तारखेची वाट बघत होते. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी विमानानं चार तासांवर, कॅलगरीला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, माझ्या समोरच, हॉस्पिटलचा फोन आला. तारीख मिळाली होती. अंकल शांतपणे म्हणाले, "नो, नो, दॅट वीक इज नॉट गुड. प्लीज गिव्ह इट टु समबडी एल्स." आणि फोन खिशात ठेवला.

माझं डोकं फिरलं. "काय केलंत हे? इथं तारखेसाठी माणसं महिनोन्‌महिने बसून असतात!"

"सीझन संपू दे, शेट."

"सीझन संपेपर्यंत तुम्ही राहाल का?"

असं बोलायला नको होतं. गिऱ्हाईक होतं दुकानात, तेही बाहेर पडलं. अंकल काउंटरवरच्या धुळीत बोट फिरवत बसले. सीझन हे निमित्त होतं, मला कळत होतं. भ्यायले होते. भ्यालेल्या माणसाला समजावून उपयोग नसतो. त्याच्याशी सौदा करावा लागतो, आणि तेवढं मला येतं.

"सीझनच्या शेवटच्या आठवड्याआधी न्यूयॉर्क इथं येतेय," मी म्हणालो. "तीन मॅचेस. टोरांटोनं दोन घेतल्या तर सोमवारी फोन करून मिळेल ती तारीख घ्यायची. न्यूयॉर्कनं घेतल्या तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"तोंड उघडणार नाय? तुम्ही?" त्यांनी हात पुढे केला. "चला."

पहिली मॅच आम्ही घेतली, दुसरी त्यांनी. रविवारी दुपारी मी दुकान बंद ठेवलं आणि टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडल्या. दुकान उभं करताना कर्जासाठी बँकेत बसलो होतो तेव्हाही मला इतका घाम फुटला नव्हता. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला आम्ही एका रननं पुढे. न्यूयॉर्कचे दोन आउट, सेकंड आणि थर्ड बेसवर त्यांची माणसं. एक आउट काढा रे, एकच, मी मनात म्हणत होतो. आयुष्यात देवाकडे भाव केला तो तेवढाच.

बॅटचा आवाज झाला. बॉल फील्डरच्या पुढ्यात पडला आणि दोन्ही माणसं होम प्लेटवर पोचली, दोन रन. शेवटच्या पाळीत आमचे तिघे ओळीनं बाद. न्यूयॉर्क जिंकली.

तो बॉल पडला तेव्हा अंकल ओरडायला उठले होते. दोन्ही हात वर, तोंड उघडं. आवाजच निघाला नाही. तसेच काही क्षण उभे राहिले, मग खुर्चीत बसले. ओठ निळसर झालेले. मी पाण्याची बाटली धरून उभा, आणि टीव्हीवर सगळं स्टेडियम मुकं बसलेलं.

पाण्याचा घोट घेऊन ते म्हणाले, "सकाळी… फोन लावू."

"पण तुम्ही जिंकलात."

"जिंकून काय? बोंब पण मारता येत नाय."

सोमवारी मी शेजारी उभं राहून फोन करायला लावला. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. ते तीन आठवडे मात्र फार वाईट गेले. अंकल रोज यायचे, पण भांडायचे नाहीत. मी मुद्दाम खोड काढायचो, न्यूयॉर्कच्या पिचरांना नावं ठेवायचो. ते म्हणायचे, "हो शेट, तुमचंच खरं." धंद्यात हे मी शंभरदा पाहिलंय. समोरचा अचानक हो म्हणायला लागला की समजावं, त्याचं मन दुकानाबाहेर पडलंय. घरी बायकोला म्हणालो, "हा माणूस परत येत नाही." ती म्हणाली, "तोंड सांभाळा."

ऑपरेशनच्या दिवशी सात तास मी वेटिंग रूममध्ये होतो. मुलगी विमानात. डॉक्टर बाहेर आला, सगळं ठीक झालं म्हणाला, आणि मी त्याच्यावरच खेकसलो, "एवढा वेळ का लागला?"

मग मुलगी आली. चांगली मुलगी. महिनाभर बापाचं सगळं केलं, आणि एक दिवस दुकानात येऊन मला म्हणाली, "अंकल, नो डिस्कशन. डॅडींना मी कॅलगरीला नेतेय. बेसमेंटमध्ये एकटं नाही ठेवणार." ऑपरेशनसाठी जिवाचं रान मी केलं होतं. सौदा माझा, फायदा कॅलगरीचा. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि कुणावर काढावा तेही कळत नाही.

डिसेंबरात मीच त्यांना एअरपोर्टला सोडलं. छातीला जोर पडू नये म्हणून त्यांना वजन उचलायची मनाई होती, म्हणून बॅग मी चेक-इनच्या बेल्टवर ठेवली. "आडवी ठेवा, आडवी," ते व्हीलचेअरवरून म्हणाले. मग बोर्डिंग पास उलटसुलट करत बसले. मुलगी पुढे निघाली, व्हीलचेअर ढकलणारा माणूस घाईत होता. मी घाईघाईनं म्हणालो, "पुढच्या वर्षी टोरांटोच. तुमच्या न्यूयॉर्कमध्ये आता दम नाही."

त्यांनी हात वर करून व्हीलचेअर थांबवली.

"काय बोलता शेट! दोन नवे पिचर घेतलेत न्यूयॉर्कनं, शॉर्टस्टॉपला तोच भारी फील्डर आहे, आणि तुमच्याकडे नवव्या इनिंगला पिचर म्हणून उतरवायला हाय कोण? तो? त्याला तर माझी मुलगी पण मारील!"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी मात्र त्यांच्या छातीकडे बघत होतो. एवढं सगळं ते एका दमात बोलले होते. मध्ये कुठे थांबले नव्हते.

"डॅडी, वी आर लेट," मुलगी म्हणाली.

अंकल मान कलती करून माझ्या उत्तराची वाट बघत होते. उत्तर माझ्याकडे तयार होतं, चांगलं सणसणीत. पण ते दिलं असतं तर अंकल हलले नसते, आणि विमान चुकलं असतं. मी नुसता हात हलवला.

द्यायला हवं होतं, असं अजून वाटतं.